इम्फाळला परवानगी कोणी दिली? जपानच्या शाही सर्वोच्च मुख्यालयातल्या एका निर्णयाचा प्रकरण अभ्यास

७ जानेवारी १९४४ रोजी टोकियोतल्या शाही सर्वोच्च मुख्यालयाच्या लष्करी विभागातून १७७६ क्रमांकाचा एक निर्देश निघाला. ब्रह्मदेशाच्या संरक्षणासाठी दक्षिण सेनेच्या सेनापतींनी योग्य वेळी समोरच्या शत्रूला मोडून इम्फाळ आणि भोवतालचा ईशान्य भारतातला मोक्याचा प्रदेश ताब्यात घ्यायला हरकत नाही, असा त्याचा आशय. हा हुकूम नव्हता, ही परवानगी होती. ही परवानगी घेऊन जी मोहीम निघाली तिच्यात सुमारे ८५ ते ९० हजार जपानी सैनिक उतरले आणि त्यातले सुमारे ३० हजार मेले. बरेचसे गोळीने नव्हे, उपासमारीने, हिवतापाने आणि हगवणीने.

इम्फाळ-कोहिमाच्या लढाईबद्दल आपल्याकडे बोललं जातं ते आझाद हिंद फौजेमुळे, आणि ते योग्यच आहे. पण टोकियोच्या बाजूने पाहिलं तर हे प्रकरण वेगळ्या कारणासाठी अभ्यासण्यासारखं आहे. योजना वाईट आहे असं सांगणारे अधिकारी वरपासून खालपर्यंत होते. तरीही ती मंजूर झाली.

पार्श्वभूमी: मुख्यालयाची घडण

मेजी राज्यघटनेच्या ११ व्या कलमानुसार लष्कर आणि नौदलाचं सेनापतित्व थेट सम्राटांकडे होतं. त्याहून जुनी व्यवस्था १८७८ची. तेव्हापासून लष्कराचं जनरल स्टाफ, म्हणजे मोहिमा आखणारं कार्यालय, युद्धमंत्रालयातून वेगळं झालं आणि त्याचा प्रमुख थेट सम्राटांना भेटून निवेदन करू लागला. पुढे नौदलानेही आपलं स्वतंत्र जनरल स्टाफ मिळवलं. म्हणजे लढाई कशी लढायची हे मंत्रिमंडळाला विचारायची गरज नव्हती, आणि लष्कराने नौदलाला किंवा नौदलाने लष्कराला विचारायचीही नव्हती.

चीनशी युद्ध पेटल्यावर २० नोव्हेंबर १९३७ रोजी शाही सर्वोच्च मुख्यालय, म्हणजे दाइहोनेई, स्थापन झालं. नावावरून एकाच छताखाली बसलेला एक युद्धकक्ष डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात दोन जनरल स्टाफना युद्धकाळासाठी दिलेलं ते एक सामायिक नाव होतं. लष्करी विभाग आपल्या कचेरीत, नौदल विभाग आपल्या. दोघांवर हुकूम चालवणारा संयुक्त प्रमुख नव्हता. तो मान फक्त सम्राटांचा, आणि सम्राटांपुढे कागद जायचा तो बहुतेक वेळा खालच्यांनी एकमत करूनच. पंतप्रधान या मुख्यालयाचा सदस्य नव्हता. सरकार आणि सेनाप्रमुख यांची गाठ संपर्क परिषदेत पडायची, पण ती परिषद मोहिमांच्या आराखड्यात हात घालत नसे. उलट युद्धमंत्री आणि नौदलमंत्री सेवेतलेच अधिकारी असले पाहिजेत हा नियम १९३६ मध्ये परत आला, त्यामुळे लष्कराने माणूस दिला नाही तर मंत्रिमंडळच कोसळत असे.

तोजो हिदेकी एकाच वेळी पंतप्रधान आणि युद्धमंत्री होते, म्हणून बाहेरून ते हुकूमशहा वाटतात. मोहिमांचे आदेश मात्र जनरल स्टाफप्रमुख सुगियामा हाजिमे यांच्याकडून निघत. तोजोंच्या हाती मंत्रालयाची दोरी होती: पैसा, माणसं, जहाजांचं वाटप, बदल्या. ती किती लांबवर पोहोचते हे डिसेंबर १९४२ मध्ये दिसलं. पॅसिफिकमधल्या ग्वादालकॅनाल बेटावरच्या लढाईसाठी जादा जहाजं मिळावीत म्हणून मोहीम विभागाचे प्रमुख तानाका शिनिची तोजोंच्या तोंडावर भांडले, शिवीगाळ केली, आणि त्यांची टोकियोतून उचलबांगडी झाली. हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे येणार आहे.

ब्रह्मदेशच्या आघाडीची उतरंड पाच पायऱ्यांची होती. टोकियोत सुगियामा. सिंगापुरात दक्षिण सेनेचे फील्ड मार्शल तेराउची हिसाइची, माजी पंतप्रधानांचे चिरंजीव आणि सेवाज्येष्ठतेत जवळजवळ सगळ्यांच्या वर. रंगूनला ब्रह्मदेश क्षेत्र सेनेचे कावाबे मासाकाझु. मेम्योला १५ व्या सेनेचे मुतागुची रेन्या. त्यांच्याखाली १५, ३१ आणि ३३ या तीन डिव्हिजन. कावाबे आणि मुतागुची यांची ओळख जुनी: १९३७ मध्ये चीनमध्ये मार्को पोलो पुलाजवळ चकमक उडाली तेव्हा कावाबे ब्रिगेडचे आणि मुतागुची त्यांच्याच हाताखालच्या रेजिमेंटचे प्रमुख होते.

समस्या

१९४२ च्या उत्तरार्धात टोकियोलाच ईशान्य भारतात घुसण्याची कल्पना सुचली होती. तिला ‘मोहीम २१’ म्हणत. तेव्हा १८ व्या डिव्हिजनचे प्रमुख असलेल्या मुतागुचींनी, डोंगर-जंगलातून रसद जाणार नाही या कारणाने विरोध केला आणि ती बारगळली. मग १९४३ च्या सुरुवातीला ब्रिटिश सेनानी विंगेटच्या, शत्रूच्या पिछाडीला घुसणाऱ्या चिंडिट तुकड्या चिंदविन नदी ओलांडून ब्रह्मदेशात खोलवर फिरून गेल्या. मुतागुचींनी त्यातून दोन निष्कर्ष काढले. चिंदविन नदी ही आता संरक्षणाची भिंत उरलेली नाही, आणि शत्रूला जे जमलं ते आपल्यालाही जमेल. शिवाय आपण वरिष्ठांच्या इच्छेआड आलो होतो ही बोच त्यांना लागून राहिली होती. मार्च १९४३ मध्ये १५ वी सेना हाती येताच ते इम्फाळच नव्हे, आसामपर्यंत धडक मारण्याचं बोलू लागले.

त्यांचा पहिला निष्कर्ष बरोबर होता. दुसऱ्यात एक गोष्ट सुटली: विंगेटला अन्न आकाशातून मिळत होतं.

राजकारणही जुळून आलं. सुभाषचंद्र बोस यांनी ऑक्टोबर १९४३ मध्ये सिंगापुरात हंगामी सरकार स्थापन केलं, नोव्हेंबरमध्ये टोकियोच्या बृहत्तर पूर्व आशिया परिषदेला ते हजर राहिले, आणि १९४४ उजाडताच त्यांनी आपलं ठाणं रंगूनला हलवलं. पॅसिफिकमध्ये एकामागून एक बेटं जात असताना तोजोंना कुठेतरी विजय हवा होता. ‘भारताच्या भूमीवर पाऊल’ हे शब्द त्यांना गोड वाटले नसते तरच नवल.

समोर असलेले पर्याय

कागदावर तीन वाटा होत्या. चिंदविनच्या अलीकडे राहून बचाव करायचा, ही पहिली. तिच्यात धोका असा की उत्तरेतून, पश्चिमेतून आणि समुद्राकडून एकदम हल्ला झाला तर सैन्य कमी पडणार. दुसरी, नदीपलीकडच्या डोंगररांगांपर्यंत मर्यादित चढाई करून संरक्षणरेषा पुढे सरकवायची. दक्षिण सेनेचे उपप्रमुख इनादा मासाझुमी आणि रंगूनचे स्टाफप्रमुख नाका एइतारो यांचा कल इकडे होता. तिसरी मुतागुचींची: तिन्ही डिव्हिजन एका दमात डोंगरापार न्यायच्या, तीन आठवड्यांची शिदोरी बरोबर घ्यायची, आणि २९ एप्रिलला, सम्राटांच्या वाढदिवशी, इम्फाळमध्ये असायचं. पुढचं अन्न इंग्रजांच्या कोठारातून.

चौथी वाट कोणी मांडलीच नाही: आधी वाहतुकीच्या तुकड्या आणि रस्ता, मग तारीख. याचं कारण रचनेत सापडतं. मोटारी आणि माणसं मंत्रालय देणार, विमानं दुसरीच कमान, समुद्रातली जहाजं नौदलाशी भांडून मिळणार. १५ व्या सेनेने मागितलेल्या मोटार वाहतुकीचा छोटासाच हिस्सा तिला मिळाला, आणि त्यामुळे तारीख बदलली नाही.

निर्णयाचे टप्पे

पहिला नकार मुतागुचींच्या घरातूनच आला. त्यांचे स्टाफप्रमुख ओबाता नोबुयोशी हे रसद-वाहतुकीतले जाणकार. त्यांनी सरळ सांगितलं की हे पेलणार नाही. साहेब ऐकत नाहीत म्हटल्यावर त्यांनी १८ व्या डिव्हिजनच्या नव्या प्रमुखांना मध्यस्थी करायला सांगितलं. हे नवे प्रमुख म्हणजे टोकियोतून काढलेले तानाका शिनिची. तानाकांनी निरोप पोहोचवला, पण वर अशी टिप्पणी जोडली की स्टाफप्रमुखाने हाताखालच्या सेनापतीमार्फत बोलणं शिस्तीला धरून नाही. मे १९४३ मध्ये ओबाता गेले. त्यांच्या जागी कुनोमुरा आले, ज्यांनी साहेबांना कधी अडवल्याची नोंद नाही. मला या प्रकरणातलं हे सगळ्यात महत्त्वाचं वळण वाटतं, कारण इथून पुढे रसदीचा हिशेब मांडणारा माणूस मुतागुचींच्या खोलीतच उरला नाही.

जून १९४३ च्या अखेरीस रंगूनला नकाशावरचा सराव झाला. टोकियोतून स्टाफ अधिकारी म्हणून राजघराण्यातले ताकेदा त्सुनेयोशी आले होते. इनादांनी आणि त्यांनीही योजना या रूपात धोक्याची ठरवली. एवढ्यावर विषय मिटायला हवा होता. पण सरावाने नकार दिला नाही, ‘फेरविचार करा’ एवढंच म्हटलं, आणि ऑगस्टमध्ये वरून तयारीला परवानगी आली. तयारीची परवानगी म्हणजेच मोहिमेची, असं मुतागुचींनी धरलं. कावाबेंनी नाका यांना आवर घातला: मुतागुचींचा उत्साह मारू नका, त्यांना थोडी मोकळीक द्या.

ऑक्टोबरमध्ये इनादांची बदली झाली. त्यांच्या जागी टोकियोच्या मोहीम विभागाचे प्रमुख आयाबे कित्सुजु सिंगापूरला आले, आणि आयाबेंच्या टोकियोतल्या खुर्चीवर सानादा जोइचिरो बसले. डिसेंबरच्या अखेरीस मेम्योला दुसरा सराव झाला. योजना जूनमध्ये होती तशीच होती, विरोधक मात्र बदलून गेले होते. आयाबे समाधानी झाले आणि मंजुरी आणायला टोकियोला निघाले.

आता टोकियो. सानादा हे भोळसट नव्हते. वर्षभरापूर्वी, डिसेंबर १९४२ मध्ये, तेच पॅसिफिकमधल्या रबौल या जपानी तळावर जाऊन आले होते आणि ग्वादालकॅनाल सोडावं लागेल असं सांगण्याची हिंमत त्यांनी दाखवली होती. आयाबेंना त्यांनी तेच प्रश्न विचारले जे ओबातांनी विचारले असते. दक्षिण ब्रह्मदेशात इंग्रज समुद्रातून उतरले तर? विमानं कुठली? रसद? उत्तरांनी त्यांचं समाधान झालं नाही आणि त्यांनी विरोध कायम ठेवला. तेव्हा सुगियामांनी त्यांना बाजूला घेतलं. तेराउचींनी स्वतःहून केलेली ही पहिलीच मागणी आहे, त्यांच्या मनासारखं होऊ द्या, अशी गळ घातली. सानादा नमले.

आपल्याकडे म्हणतात, भीड ही भिकेची बहीण. इथे भीड एका फील्ड मार्शलची दुसऱ्या फील्ड मार्शलला होती. दक्षिण सेनेला सिंगापुरात वाटत होतं, अवघड असेल तर टोकियो नाही म्हणेलच. टोकियोला वाटत होतं, जागेवरच्या सेनापतीला इतकी खात्री आहे तर आपण कशाला मोडता घाला. रंगून तर मुतागुचींच्या उत्साहाला जपत होतं. एकेका पायरीवर सह्या झाल्या आणि प्रत्येकाने आपली सही म्हणजे दुसऱ्याचा निर्णय असं मानलं.

शेवटची पायरी युद्धमंत्र्यांची. मंत्रालयाचे कर्नल निशिउरा सुसुमु कागद घेऊन तोजोंच्या निवासस्थानी गेले तेव्हा तोजो न्हाणीघरात होते. काचेपलीकडून त्यांनी पाच प्रश्न विचारले: समुद्राकडून हल्ला झाला तर काय, आघाडी लांबल्यावर जादा सैन्य लागेल का, हवाई दुबळेपणाचा अडथळा होईल का, रसद पुरेल का, १५ व्या सेनेची योजना भक्कम आहे का. प्रश्न अचूक होते, सानादांचेच जवळजवळ. ‘काळजी नाही’ अशी उत्तरं मिळाल्यावर संमती मिळाली. त्या उत्तरांचा पुरावा मागणारी यंत्रणा मात्र नव्हती. मंत्र्याने मोहिमेच्या तपशिलात शिरणं हे जनरल स्टाफच्या हद्दीत शिरणं झालं असतं.

कारवाई

लढाईचा तपशील थोडक्यात. ८ मार्चला ३३ वी डिव्हिजन निघाली, १५ तारखेला उरलेल्या दोन. त्याआधीच, ५ मार्चच्या रात्री, विंगेटच्या तुकड्या ग्लायडरने जपान्यांच्या पिछाडीला उतरल्या होत्या. हवाई दलाच्या ५ व्या डिव्हिजनचे प्रमुख ताझोए यांनी मोहीम थांबवून आधी तिकडे बघा असा आग्रह धरला. ते मुतागुचींच्या हुकमतीत नव्हते आणि मुतागुची त्यांच्या, त्यामुळे सल्ला सल्लाच राहिला.

मार्चच्या अखेरच्या आठवड्यात मणिपूरमधल्या सांगशाक गावाजवळ एक छोटी पण महाग पडलेली अडवणूक झाली. तिथे ५० व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडबरोबर ५ व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन होती. सांगशाक जपानी आराखड्यात १५ व्या डिव्हिजनच्या वाट्याचं, पण तिथे भिडली कोहिमाकडे निघालेल्या ३१ व्या डिव्हिजनची मियाझाकींची तुकडी. शेजारच्या डिव्हिजनशी मेळ नसल्याने कोहिमासाठी ठेवलेले दिवस आणि माणसं तिथे खर्ची पडली. तोवर दोस्तराष्ट्रांनी ५ वी भारतीय डिव्हिजन ब्रह्मदेशच्या आराकान किनाऱ्याहून विमानाने उचलून आणली होती.

दरम्यान टोकियोतली घडण बदलली. फेब्रुवारीत जपानी नौदलाच्या ट्रुक या पॅसिफिकमधल्या तळावर अमेरिकी विमानांनी हाहाकार केला आणि २१ तारखेला तोजोंनी सुगियामांना बाजूला करून जनरल स्टाफप्रमुखपदही स्वतःकडे घेतलं. नौदलात नौदलमंत्री शिमादांनी तेच केलं. मंत्री आणि सेनाप्रमुख यांच्यातली भिंत पाडली की निर्णय वेगाने होतील, असा युक्तिवाद होता. ही एकी खुर्च्यांपुरतीच होती. लष्कर आणि नौदल वेगळेच राहिले, आणि तोजोंना हटकू शकणारी एक खुर्ची कमी झाली.

थांबण्याच्या संधी

मार्चअखेर ३३ व्या डिव्हिजनचे यानागिदा यांनी मोहीम आवरती घ्यावी असं सुचवलं. त्यांना भेकड ठरवण्यात आलं.

मे महिन्यात जनरल स्टाफचे उपप्रमुख हाता हिकोसाबुरो आघाडीच्या दौऱ्यावरून परतले आणि यशाची शक्यता फार कमी आहे असं त्यांनी बैठकीत सांगितलं. तोजोंनी सगळ्यांसमोर त्यांना फटकारलं. पुढे मोजक्या माणसांत तेच तोजो हवालदिल झाले होते असं सांगितलं जातं, पण सम्राटांकडे गेलेल्या निवेदनात मोहीम चालू ठेवण्याचाच सूर होता. याच महिन्यात तेराउचींचं मुख्यालय सिंगापूरहून मनिलाला हललं. आघाडीपासून आणखी दूर.

मग ६ जून. ३१ व्या डिव्हिजनचे सातो कोतोकु अन्नाविना लढणं अशक्य म्हणून कोहिमाहून स्वतःच्या जबाबदारीवर मागे फिरले होते. कावाबे आजारी अंगाने मुतागुचींना भेटायला पुढे आले. मुतागुचींनी नंतर सांगितलं की माघारीचे शब्द घशापर्यंत आले होते, पण उच्चारवले नाहीत, चेहऱ्यावरून ओळखतील असं वाटलं. कावाबेंनाही जाणवलं की याला काही बोलायचं आहे. त्यांनी विचारलं नाही. महिना गेला. २२ जूनला कोहिमा-इम्फाळ रस्ता इंग्रजांनी मोकळा केला, आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात रंगून-मनिला-टोकियो असा फेरा पूर्ण होऊन थांबण्याचा आदेश आला. भर पावसाळ्यात.

परिणाम

एका मोहिमेत तिन्ही डिव्हिजनचे प्रमुख बदलले गेले. सातोंना लष्करी न्यायालयात उभं राहायचं होतं, म्हणजे रसद का आली नाही हे नोंदीवर आलं असतं. डॉक्टरांकरवी त्यांना मानसिकदृष्ट्या अस्थिर ठरवलं गेलं आणि खटला टळला. त्यांच्या दर्जाच्या नेमणुका सम्राटांच्या नावाने होत, तेव्हा खटला वरपर्यंत गेला असता. मुतागुची आणि कावाबे ऑगस्टअखेर पदावरून गेले. पुढच्या मार्चमध्ये कावाबे पूर्ण जनरल झाले.

वेगळं काय करता आलं असतं

इनादा टोकियोत असते तर, सुगियामा कणखर असते तर, असे तर्क मला फारसे पटत नाहीत. सानादा कणखरच होते. ग्वादालकॅनालला त्यांचं चाललं कारण तिथे लढाई हरल्यात जमा होती आणि नौदलालाही बाहेर पडायचं होतं. इम्फाळला नकार द्यायचा तर तो एकट्याने, लढाई सुरू होण्याआधी, फील्ड मार्शलच्या शब्दाविरुद्ध द्यावा लागत होता.

बदलता येण्यासारख्या गोष्टी साध्या होत्या. १७७६ क्रमांकाच्या निर्देशात चढाईची मुभा होती, थांबण्याची अट नव्हती. एप्रिलअखेर इम्फाळ पडलं नाही, किंवा अमुक टन रसद अमुक ठिकाणी पोहोचली नाही, तर परत फिरा, एवढं एक वाक्य त्यात असतं तर सातो बंडखोर ठरले नसते आणि ६ जूनला कोणाला कोणाचा चेहरा वाचावा लागला नसता. दुसरं, रंगूनच्या सरावाचा निष्कर्ष लेखी नकार म्हणून नोंदला असता तर मेम्योला नव्या माणसांना तो खोडून काढावा लागला असता. तिसरी सुधारणा, लष्कर-नौदल-सरकार यांच्यावर एकच जबाबदार मंडळ, ही टोकियोला स्वतःलाही सुचली.

१८ जुलैला, पॅसिफिकमधलं सायपान बेट पडल्यानंतर, तोजो गेले. नवे पंतप्रधान कोइसो कुनिआकी हेही जनरल, पण निवृत्त. त्यांनी सर्वोच्च मुख्यालयात बसू देण्याची मागणी केली. ती नाकारून ऑगस्टमध्ये संपर्क परिषदेलाच सर्वोच्च युद्ध मार्गदर्शन परिषद असं नाव मिळालं. नोव्हेंबरमध्ये कोइसोंनी आकाशवाणीवरून देशाला सांगितलं की युद्धाचा निकाल फिलिपिन्समधल्या लेते बेटावर लागेल. डिसेंबरमध्ये लष्कराने लेतेचा नाद सोडून तिथल्याच लुझोन बेटावर लक्ष वळवलं, आणि पंतप्रधानांना ते निर्णय होऊन गेल्यावर कळलं. मार्च १९४५ मध्ये सम्राटांच्या खास आज्ञेने त्यांना मुख्यालयाच्या बैठकीत बसायची परवानगी मिळाली. एप्रिलच्या सुरुवातीला त्यांनी राजीनामा दिला.